वाचून फाडून टाकावे

मराठी पत्रव्यवहारात 'वाचून फाडून टाकावे' या सूचनेइतकी दुर्दैवी सूचना दुसरी नसेल. ज्या पत्राच्या बाबतीत ती पाळली जाते, त्या पत्राबरोबर ती स्वतःही नाहीशी होते. आणि ज्या अर्थी ती आपल्या वाचनात येते, त्या अर्थी कोणी तरी ती मोडलेली असते. दप्तरे चाळणाऱ्या अभ्यासकाला ती नेहमी अशी मोडलेल्या अवस्थेतच भेटावयाची. ती लिहिणाऱ्याचा विश्वास, ती मोडणाऱ्याचा मोह किंवा विसराळूपणा, आणि तिसऱ्याच कोणाचे तरी कुतूहल, एवढ्या तीन गोष्टी त्या चिमुकल्या वाक्यात एकत्र येतात. त्यातला तिसरा म्हणजे आपण. आपल्याला तेथे कोणीच बोलावलेले नव्हते.

हा विचार मला सुचला तो ग्रंथालयात नव्हे, तर घरी, एका पत्र्याच्या ट्रंकेसमोर बसून. माझे आजोबा १९२० नंतरच्या दशकात दक्षिण महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावचे नगराध्यक्ष होते. गावाचे नाव मी येथे देत नाही. त्याचे कारण पुढे ओघात येईल. त्यांचे कागद आधी वाड्यातील माळ्यावर, मग थोरल्या काकांच्या घरी आणि वाडा विकला गेल्यावर माझ्याकडे आले; कारण घरात मोडी वाचता येणारी मी एकटीच. शाळेतील नोकरी संपल्यावर मुलीकडे बंगळूरला, व्हाइटफील्डला राहावयास आले, तेव्हा ती ट्रंकही माझ्याबरोबर आली. चौदाव्या मजल्यावरील सदनिकेत, धुण्याच्या यंत्राशेजारी, तिला जागा मिळाली आहे.

व्हाइटफील्ड हे गावच मुळी कागदावर जन्मलेले आहे. डी. एस. व्हाइट या गृहस्थांनी युरेशियन आणि अँग्लो-इंडियन समाजासाठी शेतीवर जगणारी एक वसाहत असावी असे मनात घेतले, आणि म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांनी १८८२ साली त्यासाठी ३,९०० एकर जमीन दिली. दानाची तारीख, एकरांचा आकडा, संस्थेचे नाव हे सारे आजही कोणालाही सांगता येते. परंतु त्या जमिनीवर पहिल्या उन्हाळ्यात ज्यांनी विहिरी खणल्या, त्यांच्या बायकांनी माहेरी काय लिहिले असेल, ते सांगता येत नाही. सरकारी कागद टिकला. खासगी कागद, असलाच तर, कुठे तरी विरला. आज त्या वसाहतीच्या मूळ वर्तुळाभोवती कचेऱ्यांचे काचेचे मनोरे उभे आहेत, २०२३ पासून मेट्रोही कडुगोडीपर्यंत येते. माझ्या खिडकीतून तिचे डबे दिसतात. आजोबांचा पत्रव्यवहार मी लावला तो हे डबे पाहत.

ट्रंकेत दोन प्रकारचे कागद होते. एका बाजूला नगरपालिकेच्या पत्रांच्या नकला. त्या काही इंग्रजीत आणि काही बाळबोध मराठीत आहेत, आणि त्यांत रस्त्यावरील कंदील, जकात नाक्यावरील कारकुनाची रजा, मैल्याच्या गाड्या, पटकीच्या दिवसांत विहिरींत टाकावयाचे औषध असे विषय आहेत. दुसऱ्या बाजूला सुतळीने बांधलेली खासगी पत्रे. ती बहुतेक मोडीत. 'कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष' पासून 'कळावे, लोभ असावा ही विनंती' पर्यंतचा तो परिचित प्रवास. त्यात मुलीच्या सासरची गाऱ्हाणी, कुळाने थकवलेला खंड, कोणाच्या मुलाला मुलकी खात्यात चिकटवता येईल का याची चौकशी. नातवंडांच्या पिढीला मोडी येत नसल्यामुळे या पत्रांना आपोआपच कुलूप लागलेले होते. एखाद्या घराण्याची अब्रू लिपीने इतकी वर्षे राखावी, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

ही वाटणी, एका बाजूस खासगी आणि दुसऱ्या बाजूस सरकारी, आपल्याला आज इतकी स्वाभाविक वाटते, की ती अलीकडची आहे हे ध्यानात येत नाही. पेशवेकालीन पत्रांत ती जवळजवळ नाहीच. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, किंवा पुढे रियासतकार सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड निघाले, तेव्हा त्यांत काय आढळले? फौजेच्या तुंबलेल्या पगाराखालीच मुलाचा ताप, किल्ल्याच्या मोर्च्याशेजारी व्रताचे उद्यापन. राज्य हे घर होते आणि घर हे राज्य होते, असे म्हणावयास हरकत नाही. ते चांगले होते असे मी म्हणत नाही. त्यातूनच भाऊबंदकीचे राजकारण झाले. तथापि त्या पत्रलेखकांना आपल्यासारखे दोन आवाज नव्हते, एवढे खरे.

पानिपतची बातमी दक्षिणेत कशी पोहोचली याची एक हकीकत परंपरेने आपल्यापर्यंत आली आहे. १७६१ च्या जानेवारीत नानासाहेब पेशवे उत्तरेच्या वाटेवर असताना एका सावकारी कासिदाजवळचे पत्र त्यांच्या हाती पडले. पत्र पेशव्यांना नव्हते. मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या सांकेतिक भाषेत एका पेढीने दुसऱ्या पेढीला ते धाडले होते. ते फोडले गेले, आणि आपला मुलगा व आपला भाऊ गेला हे एका बापाला दुसऱ्याच्या व्यापारी पत्रातून कळले. ही गोष्ट शाळेत शिकविताना माझ्या वर्गात नेहमी शांतता पसरत असे. पण इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याने असे विचारले नाही, की दुसऱ्याचे पत्र फोडण्याचा पेशव्यांना अधिकार काय? प्रश्न गैरलागू वाटत असावा, कारण दुःख एवढे मोठे होते. मोठ्या कारणासाठी दुसऱ्याचे पत्र वाचावे, ही आपली जुनी आणि न तपासलेली समजूत आहे.

कायद्याने या बाबतीत एक नाजूक भेद केलेला आहे. कवी अलेक्झांडर पोप याची पत्रे कर्ल नावाच्या पुस्तकविक्रेत्याने परस्पर छापली, तेव्हा १७४१ साली इंग्लंडच्या न्यायालयाने असे ठरविले, की पत्राचा कागद ज्याला पत्र आले त्याचा. परंतु त्यावरील शब्द लिहिणाऱ्याचेच राहतात. कागद जवळ ठेवावा, हवा तर जाळावा, पण शब्द जगासमोर मांडू नयेत. हा निवाडा मला फार शहाणपणाचा वाटत आला आहे. तरी त्यात एक तिसरा पक्ष सुटून गेलेला आहे. पत्र ज्याने लिहिले तो एक, ज्याला आले तो दुसरा. आणि ज्याच्याविषयी लिहिले तो? त्याचा ना कागदावर हक्क, ना शब्दांवर. आणि पुष्कळदा सारे भोगावयाचे असते ते त्यानेच.

हा तिसरा पक्ष मनात ठेवून १८९७ सालची पुण्याची हकीकत पाहावी. त्या वर्षीच्या प्लेगमध्ये रँडसाहेबांच्या देखरेखीखाली सोल्जरांनी घरे तपासली. याच साथीत रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले मार्चमध्ये वारल्या. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेत होते. वय अवघे एकतीस. पुण्याहून त्यांना मित्रांची पत्रे गेली. घरे उद्ध्वस्त होत आहेत, देवघरे बाटविली जात आहेत, आणि दोन स्त्रियांवर अत्याचार होऊन त्यांतील एकीने जीव दिला, असा त्या पत्रांतील मजकूर. गोखल्यांनी ही हकीकत पार्लमेंटच्या सभासदांच्या कानी घातली आणि 'मँचेस्टर गार्डियन' या पत्राला मुलाखत दिली. मुंबई सरकारने आरोपाचा साफ इन्कार केला. दरम्यान २२ जूनला रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, आणि जुलैअखेर टिळकांना अटक झाली. अशा पेटलेल्या दिवसांत गोखले मुंबईच्या बंदरात उतरले.

त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या. पत्रे आणि पत्रलेखक पुढे करावयाचे, म्हणजे त्या मित्रांना सरकारच्या रोषाच्या तोंडी द्यावयाचे. अथवा पुरावा देता येत नाही असे कबूल करून माफी मागावयाची. पत्रलेखकांपैकी कोणीही उघडपणे उभे राहावयास तयार नव्हते. गोखल्यांनी त्यांची नावे त्या वेळी सांगितली नाहीत आणि पुढेही कधी सांगितली नाहीत. त्यांनी गव्हर्नर सँडहर्स्ट यांची, प्लेग कमिटीची आणि सोल्जरांची बिनशर्त माफी मागितली. ती जाहीरपणे छापून आली. टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली आणि ते लोकांच्या मनात वर चढले. गोखल्यांच्या नावाला 'माफी' हा शब्द चिकटला, तो फार दिवस सुटला नाही.

या प्रसंगाची चर्चा आपल्याकडे बहुधा धैर्य आणि भित्रेपणा या दोन शब्दांत होते. मला ती अपुरी वाटते. गोखल्यांची चूक झाली असेल तर ती माफी मागण्यात झाली नसून, मला वाटते, त्याच्या आधी झाली. खासगी पत्र हे विश्वासाने लिहिलेले असते, पुराव्यादाखल नव्हे. मित्राला लिहिताना माणूस ऐकलेले आणि पाहिलेले यांची गल्लत करतो, रागाने लिहितो, रात्रीच्या दिव्यात लिहितो. तेच शब्द परदेशी वर्तमानपत्रात जाताच त्यांच्यावर साक्षीचे ओझे पडते, आणि ते पेलण्याची त्यांची तयारी नसते. पण याची दुसरी बाजू तितकीच खरी आहे. त्या दिवसांत पुण्यातून विलायतेला खरी बातमी पोहोचविण्याचा दुसरा मार्ग कोणता होता? सरकारी कागद सोल्जरांच्या सौजन्याची ग्वाही देत होते. जे सरकारी कागदात येऊच शकत नाही, ते खासगी पत्रातच यावयाचे. मग खासगी पत्र वापरू नये म्हणणे म्हणजे ते सत्य कायमचे पुरून टाकावे म्हणणेच नव्हे काय?

आणि ज्या स्त्रियांविषयी ते लिहिले होते, त्यांच्याकडे तर कोणीच वळून पाहिले नाही. आरोप झाला त्यांच्या नावाशिवाय, इन्कार झाला त्यांना न विचारता, माफी मागितली गेली ती सोल्जरांची. खरे काय घडले ते आज कोणालाही सिद्ध करता येणार नाही. माफीमुळे ते असत्य ठरले असे मात्र समजू नये. पुरावा नसणे आणि घटना नसणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे तर्कशास्त्राचे अगदी पहिले पाठ; पण सार्वजनिक जीवनात ते नेहमीच विसरले जातात.

पुढे, विसाव्या शतकाच्या आरंभी, हेच गोखले पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. आकडे, अंदाजपत्रके, खुलासे यांची त्यांची शिस्त प्रसिद्धच आहे. तपासल्यावाचून वाक्य उच्चारावयाचे नाही हा त्यांचा कटाक्ष जन्मजात होता की १८९७ ने शिकविलेला, कोण सांगणार? त्यांचे कागद आज राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि वाचकाला खुले आहेत. ज्याने दुसऱ्यांची पत्रे जन्मभर झाकून ठेवली, त्याची स्वतःची पत्रे उघडी आहेत, याचे मला वाईट वाटत नाही. थोडे आश्चर्य वाटते, इतकेच.

सरकारी हुद्द्यावरील मनुष्याचे सरकारी बोलणे कितपत त्याचे स्वतःचे मानावे? इमॅन्युएल कांट याने १७८४ साली प्रबोधनावर लिहिलेल्या निबंधात एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट सांगितली आहे. अधिकारपदावरून माणूस जी बुद्धी वापरतो, तिला तो 'खासगी' वापर म्हणतो. आणि लेखणी हाती घेऊन तो साऱ्या वाचकवर्गासमोर बोलतो, तो बुद्धीचा 'सार्वजनिक' वापर. आपल्या रूढ अर्थाच्या बरोबर उलट! पण जरा विचार केला की त्यातले मर्म कळते. खुर्चीवर बसलेला माणूस हुकमाने, ठरावाने, वरिष्ठांच्या मर्जीने बांधलेला असतो. तो कोण्या एका यंत्राचा भाग म्हणून बोलतो. मुक्त असतो तो खुर्चीवरून उठल्यावर. या दृष्टीने महात्मा फुल्यांचे उदाहरण विलक्षण आहे. १८७६ पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चावयाचे ठरले, तेव्हा १८८० साली त्यांनी एकट्याने विरोध केला. आणि ग्रंथकार सभेचे निमंत्रण आले तेव्हा १८८५ साली त्यांनी रानड्यांना जे नकाराचे पत्र धाडले, ते 'ज्ञानोदया'त छापलेही गेले. खुर्चीवर एक आणि खुर्चीखाली एक असे दोन फुले नव्हते. असे लोक थोडे. त्यांच्या पत्रांच्या तळाशी फाडण्याची सूचना लिहावी लागत नाही.

बाकीच्यांची गोष्ट निराळी. अमेरिकेतील शहरांनी आपल्या महापौरांचे कागद मोठ्या निगुतीने सांभाळले आहेत; न्यूयॉर्कच्या पालिका अभिलेखागारात एकोणिसाव्या शतकातील महापौरांची दप्तरेच्या दप्तरे आहेत. त्याच राज्यातील बफेलो शहराचे १८८२ सालचे महापौर ग्रोव्हर क्लीव्हलंड दोनच वर्षांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले. त्या निवडणुकीत दोन्ही उमेदवारांची खासगी बाजू चव्हाट्यावर आली. प्रतिस्पर्धी ब्लेन यांनी रेल्वेच्या व्यवहारासंबंधी लिहिलेले एक पत्र उजेडात आले. त्याच्या शेवटी 'हे पत्र जाळून टाका' असे लिहिलेले होते. आपल्या 'वाचून फाडून टाकावे' चा हा सातासमुद्रापलीकडचा भाऊ! क्लीव्हलंड यांच्यावर विवाहबाह्य अपत्याचा आरोप आला, आणि काय करावे असे मित्रांनी विचारले तेव्हा त्यांनी खरे ते सांगा असे कळविले. त्या वेळी एक चतुर युक्तिवाद गाजला: एकाचे सार्वजनिक वर्तन शुद्ध आणि खासगी सदोष, दुसऱ्याचे खासगी शुद्ध आणि सार्वजनिक सदोष, तर ज्याला जे शोभते तेथे त्याला पाठवावे, पहिल्याला पदावर आणि दुसऱ्याला घरी. क्लीव्हलंड निवडून आले. युक्तिवाद सुंदर आहे, पण तो फसवा आहे. कारण त्या अपत्याच्या आईचे काय, हा प्रश्न त्यात पुन्हा सुटलेलाच आहे.

साहित्यिकांच्या पत्रांविषयी येथे फार लिहीत नाही. धारवाडला एकांतात राहणाऱ्या जी. ए. कुलकर्ण्यांची पत्रे त्यांच्या निधनानंतर खंडाखंडांनी निघाली. ज्यांनी आयुष्यभर सभासंमेलने टाळली त्यांचे मन घरोघरी गेले. ती वाचताना मी अपराधी होते, आणि कृतज्ञही होते. दोन्ही भावना खऱ्या आहेत, आणि त्यांपैकी एकीने दुसरीला अजून हरविलेले नाही. पण लेखकाचे पत्र उघडण्याने बहुधा लेखकाचीच अब्रू जाते. नगराध्यक्षाच्या पत्रात गावाचे पाणी असते.

हे शेवटचे वाक्य मी अलंकार म्हणून लिहिलेले नाही. ट्रंकेतील ज्या पत्रापाशी मी थांबले, ते पाण्याविषयीच आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली त्याप्रमाणे चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. ठराव कागदावरच राहिला, म्हणून मार्च १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांना हजारो माणसे घेऊन त्या तळ्यावर जावे लागले. त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल लागावयास १९३७ चा मार्च उजाडला. महाडचे नाव झाले. पण त्याच सुमारास आणखीही नगरपालिकांत असेच ठराव झाले, आणि त्यांची नावे कोणी घेतली नाहीत, कारण तेथे कोणी पाण्याला हात लावावयास गेले नाही, किंवा गेले ते कोणी लिहून ठेवले नाही.

माझ्या आजोबांच्या गावीही असा ठराव झाला होता. त्याची नक्कल ट्रंकेत आहे; सुवाच्य, आजोबांच्या सहीची. लहानपणापासून आम्ही ती गोष्ट अभिमानाने ऐकत आलो. आजोबांनी विहीर खुली केली. घरातील प्रत्येक समारंभात कोणी ना कोणी ती सांगे. आणि सुतळीच्या गाठोड्यात, १९२६ सालचे, बेळगावच्या एका वकीलमित्राचे मोडी पत्र आहे. त्यात मुलाच्या मुंजीची तिथी आहे, पावसाचे वर्तमान आहे, आणि मध्येच चार ओळींत असा आशय आहे, की आपण कळविल्याप्रमाणे ठराव दप्तरी राहील आणि दोराला नवे हात लागणार नाहीत, हे वाचून चित्त स्वस्थ झाले. शेवटी, वाचून फाडून टाकावे.

या पत्रावरून आजोबांनी काय लिहिले होते याचा केवळ तर्क करावयाचा. माणसाच्या दप्तरात सापडतात ती त्याला आलेली पत्रे. त्याने लिहिलेली दुसऱ्यांच्या माळ्यावर असतात. आजोबा मला या पत्रात मित्राच्या समाधानातून दिसतात, म्हणजे पाठमोरे. मित्राने त्यांचा आशय आपल्या सोयीने वळविला असेल काय? घाबरलेल्या मित्राला धीर देण्यासाठी आजोबांनी खोटेच लिहिले असेल काय? की दोन आवाज ठेवण्याची कला त्यांना खरोखरच साधली होती? पत्राच्या कोपऱ्यात, त्यांच्या नेहमीच्या सवयीप्रमाणे, त्यांच्या हातचे 'उत्तर दिले' असे दोन शब्द व तारीख आहे. उत्तर काय दिले, ते बेळगावच्या कोणत्या तरी घरात फाडले गेले असणार.

आणि त्यांनी हे पत्र का फाडले नाही? कागद न टाकण्याची त्यांची सवय होती, हे सर्वांत साधे उत्तर, आणि बहुधा खरेही. मला कधी कधी दुसरे उत्तर हवेसे वाटते. त्यांना ते मोडू द्यावयाचे नव्हते, कोणी तरी वाचावे असे वाटत होते. पण हे नातीचे मन बोलते. त्यावर विश्वास ठेवू नये.

गेल्या वर्षी त्या गावच्या महाविद्यालयातील एका प्राध्यापकांचा दूरध्वनी आला. ते गावच्या नगरपालिकेच्या कारभारावर अभ्यास करीत होते आणि आजोबांचे कागद महाविद्यालयाच्या ग्रंथालयास मिळावेत अशी त्यांची विनंती होती. मी कोल्हापूरला चुलतभावाला कळविले. मोडी पत्राचा मजकूरही वाचून दाखविला. पलीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तो म्हणाला, "अगं, सगळे दे. तेवढे एक काढून ठेव. फाड म्हणूनच लिहिलंय ना त्यात?"

उत्तर देणे कठीण होते, कारण त्याचे म्हणणे नुसते घराण्याच्या अभिमानाचे नव्हते. मृत माणसाला खुलासा करता येत नाही. ज्याला बोलता येत नाही त्याच्यावर, एकाच बाजूच्या चार ओळींवरून, निकाल द्यावयाचा; यात अन्याय आहेच. गोखल्यांच्या पत्रांवरून मी जो धडा सांगितला, की खासगी शब्दांवर साक्षीचे ओझे टाकू नये, तो आजोबांना लागू करावयाचा नाही काय? शिवाय तो वकीलमित्र. त्याची नातवंडे बेळगावात असतील. त्यांना विचारावयाचे कोणी? म्हणूनच मी येथे गावाचे नाव दिलेले नाही. पळवाट म्हणा हवी तर.

मी प्राध्यापकांना पुन्हा दूरध्वनी केला तो थोडा वेळ मागण्यासाठी. कारण सांगताना, न ठरविता, विहिरीचा विषय निघाला. मी चाचरत होते हे त्यांच्या लक्षात आले असावे. ते शांतपणे म्हणाले, "बाई, त्या विहिरीचं आम्हाला माहीत आहे. माझी आजी ओढ्यावरूनच पाणी आणायची. शेवटपर्यंत."

तेव्हा मला जे कळले ते लिहिण्यासाठीच हा सारा प्रपंच. मी ज्याला गुपित समजत होते ते गुपित नव्हतेच. ज्यांना पाणी मिळाले नाही त्यांना ते मिळाले नाही हे ठाऊक होते; त्यासाठी त्यांना मोडीची गरज नव्हती. गुपित होते ते फक्त आमच्या घरात, आमच्यापासून. पुण्यातील त्या दोन घरांतही काय घडले किंवा घडले नाही, ते ठाऊक असणारे लोक होते. ठाऊक नव्हते ते लंडनला आणि मुंबईच्या सचिवालयाला. आपण खासगीपणाच्या हक्काची चर्चा करतो तेव्हा ती बहुधा लिहिता येणाऱ्यांच्या हक्काची असते. आजोबांच्या ट्रंकेत त्या वस्तीतून आलेले एकही पत्र नाही, एक अर्जदेखील नाही. त्यांची बाजू कुठे खासगी म्हणून झाकलेली नाही आणि सरकारी म्हणून नोंदलेलीही नाही.

मग पत्र दिल्याने त्यांना नवे काय मिळणार, असे चुलतभाऊ विचारील, आणि तो प्रश्न योग्यच आहे. ज्ञान नवे मिळणार नाही. पण ग्रंथालयात आजोबांच्या सहीचा ठराव एकटा गेला, तर उद्याचा विद्यार्थी लिहील की विहीर १९२६ पूर्वी खुली झाली, आणि प्राध्यापकांच्या आजीची आठवण ही एका म्हातारीची आठवण राहील. कागदाशी वाद घालावयास कागदच लागतो, ही आपल्या विद्वत्तेची रीत. ती न्याय्य नाही, पण आहे.

मी यादी करावयास घेतली. प्राध्यापकांनी पाठविलेल्या तक्त्यात क्रमांक, दिनांक, लिपी, आणि त्यानंतर 'खासगी' व 'कार्यालयीन' असे दोन रकाने होते. त्या पत्राचे काय करावे ते कळेना, म्हणून दोन्ही रकाने रिकामे ठेवले आणि शेऱ्यात 'मुंज, पाऊस, विहीर' असे लिहिले. सोबत पूर्ण बाळबोध लिप्यंतर जोडले. चुलतभावाला लिहिलेल्या पत्रात मी हे कळविले आहे. त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही. ट्रंक दोघांनी उचलून उद्वाहकात ठेवली. कुरिअरच्या माणसाने आत काय आहे असे विचारले, तेव्हा जुनी कागदपत्रे असे सांगितले, आणि त्याने पावतीवर तसेच लिहून घेतले.